उतरलेली बॅटरी, चार चिमटे आणि पाच मिनिटांचा धीर

गणपतीला आठ दिवस गावी होतो, सावंतवाडीच्या अलीकडे. गाडी मांगराशेजारी फणसाखाली उभी. आठ दिवसांत तिला कुणी हात लावला नाही. निघायच्या सकाळी डिकीत नारळ, कोकमं, तांदळाचं पीठ भरून झालं, देवाला नमस्कार झाला, किल्ली फिरवली, तर बॉनेटखालून नुसतं टकटकटक. बाकी काही नाही.

शेजारचा मुलगा जीप घेऊन आला. "काका, दोन मिनिटं," म्हणाला, आणि खरंच दोन मिनिटांत चारही चिमटे दोन बॅटऱ्यांवर लावून मोकळा झाला. शेवटचा चिमटा लावताना बॅटरीच्या झाकणापासून जेमतेम दोन बोटांवर मोठी ठिणगी उडाली. गाडी सुरू झाली, सगळे खूश. ती ठिणगी नेमकी तिथेच का उडायला नको होती, हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबलने उसनी वीज घेऊन आपली गाडी सुरू करणं, म्हणजे जंप स्टार्ट, हा या लेखाचा विषय, आणि त्यातली बरीचशी माहिती त्या चौथ्या चिमट्याभोवती आहे.

आधी कान द्या: खरंच बॅटरीच आहे का?

गाडी सुरू झाली नाही की लोक थेट केबल शोधायला धावतात. त्याआधी अर्धा मिनिट आवाजाकडे लक्ष द्या, त्यातून बरंच कळतं.

भराभर टकटक आवाज आणि त्याच वेळी डॅशबोर्डचे दिवे मंद होताहेत, म्हणजे बॅटरी उतरली आहे. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) "घुर्र... घुर्र..." असा दमून फिरतोय, तरीही तेच. दिवे ठणठणीत, हॉर्न खणखणीत, पण किल्ली फिरवल्यावर एकच जाड "टक्" येतो, तर दोष बहुधा सेल्फ मोटरमध्ये किंवा तिला वीज जोडून देणाऱ्या सोलेनॉइडमध्ये असतो. तिथे केबल लावून काही उपयोग नाही. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी बिचारी आपलं काम करतेय, गडबड इंधनाची किंवा स्पार्कची आहे. टाकीत पेट्रोल आहे का तेही बघा. हसू नका, हे होतं.

आणि सगळंच मेलेलं असेल, एकही दिवा लागत नसेल, तर बॉनेट उघडून बॅटरीची टर्मिनल्स हाताने हलवून बघा. सैल असतील तर १० नंबरच्या पान्याने आवळा. बहुतेक गाड्यांना तोच पाना बसतो. टर्मिनलवर पांढरट-हिरवट क्षार जमला असेल तर तोही वीज अडवतो. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासला की तो फसफसून निघून जातो. मात्र हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. निम्म्या वेळा "बॅटरी मेली" म्हणून गॅरेजला फोन होतो, आणि आलेला माणूस पान्याचे दोन आटे देऊन पैसे घेऊन जातो.

घरात मल्टिमीटर असेल तर शंकेला जागाच उरत नाही. गाडी काही तास बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतं. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ११.८ किंवा त्याखाली म्हणजे जवळजवळ रिकामी. १०.५ च्या आसपास काटा अडकून बसला असेल तर सहापैकी एक घर मेलेलं असण्याची शक्यता मोठी. शिसं-आम्लाच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टची सहा घरं असतात, एक गेलं की तेवढे व्होल्ट गेले. अशी बॅटरी उसनी वीज घेऊन एकदा गाडी सुरू करून देईलही, पण पुढच्या सिग्नलला पुन्हा मान टाकेल.

या गाड्यांना केबल लावू नका

बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल, किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिच्या जवळ वाकूही नका. ती बदलायचीच आहे.

पाण्यात बुडालेली गाडी. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर अनेकांनी ओसरलेल्या पाण्यातली गाडी घाईघाईने सुरू करायचा प्रयत्न केला आणि इंजिनं गमावली, ही आठवण अजून गॅरेजांमधून ऐकायला मिळते. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टन ते पाणी दाबू शकत नाही, कारण पाणी दाबलं जात नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीचा खर्च हजारांत असतो, इंजिनाचा लाखाच्या घरात जातो. अशी गाडी टोइंगनेच हलवायची.

गॅसचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर. आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या खूप झाल्यात. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, त्यामुळे बंद पार्किंगमध्ये तो छताशी साठतो. एलपीजी जड, तो जमिनीलगत पसरतो. वास येतोय तोवर कसलीही ठिणगी नको. मोबाइलची टॉर्च लावायची तर ती बाहेरूनच लावून आत या.

आणि एक आपल्याकडचे नसलेले पण वाचणारे लोक आहेत: कॅनडात, मिनेसोटात राहणारे, किंवा हिवाळ्यात लडाखला गाडी नेणारे. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल इतकं पाणीदार झालेलं असतं की शून्याखाली सात-आठ अंशांतही ते गोठू शकतं. गोठलेल्या बॅटरीला केबल लावली तर ती फुटू शकते. आधी उबेला आणून वितळवायची, मग तडा गेलाय का बघायचं.

मदतीला कोण चालतं, कोण नाही

देणारी गाडी १२ व्होल्टचीच हवी. ट्रक आणि एसटी बस यांत दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात. हायवेवर ट्रकचालक फार मनापासून मदतीला येतात, आणि त्यांच्यातले काही जण "दोनपैकी एकाच बॅटरीवरून देतो" असंही म्हणतात. जाणकाराला ते जमत असेलही. पण चुकून २४ व्होल्ट आपल्या गाडीत शिरले तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक), म्युझिक सिस्टीम, बल्ब असं सगळं एका झटक्यात जातं. "नको भाऊ, धन्यवाद" म्हणा, चहा पाजा, केबल मात्र लावू नका.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याला वीज द्यायची नाही. त्यांच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, पण सेल्फ मोटर फिरवण्याएवढा करंट द्यायला ती बनलेली नसते. इलेक्ट्रिक गाडीची स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी उतरली तर काय करायचं ते तिच्या मॅन्युअलमध्ये असतं. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना मात्र कुठल्याही परिस्थितीत हात लावायचा नाही, तिथे शेकडो व्होल्ट असतात.

देणारी गाडी साधारण तुमच्याएवढी किंवा मोठी असलेली बरी. डिझेलच्या एसयूव्हीला छोट्या पेट्रोल गाडीवरून उठवणं म्हणजे बैलगाडीला वासरू जुंपण्यासारखं आहे. छोट्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून कितीतरी जास्त.

मोटरसायकलच्या बॅटरीला मोटारीवरून वीज द्यायची वेळ आली तर मोटारीचं इंजिन बंदच ठेवा. किक असेल तर आधी किक मारा.

केबल: खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका

"५०० अँपिअर", "१००० अँपिअर" असं मोठ्या अक्षरांत छापलेल्या स्वस्त केबल सगळीकडे मिळतात. त्यातल्या बऱ्याच वरून जाड दिसतात, पण तो जाडपणा रबराचा असतो. आतली तार बारीक, तीही ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा.

याने काय होतं ते हिशेब करून बघा. समजा ३ मीटरच्या केबलची जोडी आहे, म्हणजे वीज जाऊन-येऊन ६ मीटर धावते, आणि सेल्फ १५० अँपिअर ओढतोय. १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत वाटेत साधारण १ व्होल्ट गळतो. तार ६ चौरस मिलिमीटरची असेल तर अडीच व्होल्टहून जास्त. तेवढीच बारीक आणि ॲल्युमिनियमची असेल तर चारच्या आसपास. पलीकडून साडेबारा निघाले तरी तुमच्या सेल्फला साडेआठच पोचतात. इंजिन ढिम्म हलत नाही, केबल गरम होते, आणि दोष बॅटरीला लागतो.

म्हणून दुकानात तांबं आहे का आणि किती चौरस मिलिमीटरची तार आहे, एवढं विचारा. पेट्रोल गाडीला १६, डिझेलला २५. लांबी तीन मीटरच्या आसपास. चिमट्यांचा स्प्रिंग घट्ट हवा आणि चिमट्याच्या दोन्ही जबड्यांना तार जोडलेली हवी. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तर दुसरं दुकान बघा.

चिमटा हातात घेण्याआधी

दोन्ही गाड्या जवळ आणा, पण एकमेकींना टेकू देऊ नका. गाडीचा पत्रा आणि इंजिन बॅटरीच्या मायनसला जोडलेलेच असतात, त्यामुळे टेकल्या तर पत्र्यातूनच मायनसची जोडणी होते आणि ठिणगी कुठे उडेल यावर आपला ताबा राहत नाही. दोन्ही गाड्या न्यूट्रलमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये), हँडब्रेक ओढलेला, इग्निशन बंद. दिवे, एसी, पंखा, म्युझिक, चार्जरला लावलेला मोबाइल, सगळं बंद.

किल्ली खिशात ठेवा आणि एक काच खाली असू द्या. वीज परत आल्यावर काही गाड्यांचं सेंट्रल लॉक आपोआप बसतं, आणि मग किल्ली आत, आपण बाहेर.

अंगठी, घड्याळ, कडं, बांगड्या काढा. लोंबणारं मंगळसूत्र किंवा चेन काढा, नाहीतर ड्रेसच्या आत नीट खोवा. हे अंधश्रद्धेतलं नाही: प्लस टर्मिनल आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये सोन्याची अंगठी आली तर ती क्षणात लालबुंद होते आणि बोटावरून निघत नाही. ओढणी, पदर, मफलर दूर. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. चष्मा असेल तर लावा, नसेल तर गॉगल. विडी-सिगारेट ओढणारा मदतनीस असेल तर त्याला आदबीने दहा पावलं लांब उभं करा. पाण्याची बाटली हाताशी ठेवा. आम्ल डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं सतत पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे जायचं.

आता प्लस-मायनस ओळखा. लाल आवरण प्लस, काळं मायनस, पण जुन्या गाडीत कुणीतरी दोन्ही टर्मिनलला एकाच रंगाची वायर लावलेली असते. म्हणून रंगावर विसंबू नका, बॅटरीच्या अंगावर कोरलेली + आणि − ही खूण शोधा. धुळीने दिसत नसेल तर पुसा. प्लसचा खांब मायनसपेक्षा किंचित जाड असतो, हीसुद्धा एक खूण. खात्री होत नसेल तर पुढे जाऊ नका. उलटी जोडणी एक सेकंदभर जरी झाली तरी अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना वीज बनवणाऱ्या यंत्राचे) डायोड आणि ईसीयू जाऊ शकतात, दोन्ही गाड्यांचे.

काही गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते. त्यांच्या बॉनेटमध्ये जंप स्टार्टसाठी वेगळे खुंट दिलेले असतात, प्लसवर सहसा लाल टोपी असते. तेच वापरा.

चार चिमटे, या क्रमाने

१. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला. पकड घट्ट, थोडा हलवून बसवा.

२. लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.

३. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला.

४. काळ्याचं उरलेलं टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनावर, रंग नसलेल्या जाड धातूला. इंजिनाचा एखादा ठसठशीत बोल्ट, इंजिन उचलण्यासाठी दिलेला लोखंडी हूक, किंवा कंपनीने दिलेला अर्थिंगचा खुंट. बॅटरीच्या मायनसला नाही.

हा तो चौथा चिमटा. बॅटरीत, विशेषतः ती चार्ज होत असताना, पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन निघतो आणि झाकणाच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगीने तो पेट घेतो. चार चिमट्यांपैकी जो शेवटी लागतो त्याच्याशीच सर्किट पूर्ण होतं, म्हणून ठिणगी नेहमी तिथेच उडते. ती कुठे उडवायची हे आपल्या हातात असतं. बॅटरीच्या डोक्यावर उडवली तर दहातल्या नऊ वेळा काही होत नाही, म्हणूनच लोक बिनधास्त असतात. दहाव्या वेळी बॅटरीचं खोकं फुटतं आणि सल्फ्युरिक आम्ल वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर येतं.

दुसरं कारण नवं आहे. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत, खासकरून सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणाऱ्या गाड्यांत, मायनस टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत किती वीज आली, किती गेली याचा तो हिशेब ठेवतो. चिमटा थेट त्या खांबाला लावला की वीज सेन्सरला वळसा घालून जाते आणि हिशेब चुकतो.

इंजिनावर जागा शोधताना पट्टे, पुली, पंखा यांच्यापासून लांब राहा. इंधनाची नळी आणि प्लास्टिकची कव्हरं वर्ज्य. नव्या इंजिनांवर इतकं प्लास्टिक असतं की उघडा धातू सापडायलाच पाच मिनिटं जातात. हे काम घरी, उजेडात, एका रविवारी करून ठेवा आणि त्या बोल्टवर लाल रंगाचा ठिपका द्या. रात्री घाटात आठवण येईल.

आता घाई करू नका

चिमटे लागले की लगेच सेल्फ मारायचा मोह होतो. थांबा. आधी देणारी गाडी सुरू करा, ॲक्सिलरेटर हलका दाबून इंजिन दीड ते दोन हजार आरपीएमवर पाच मिनिटं चालू द्या. बॅटरी ठार मेली असेल तर दहा मिनिटं. या वेळात तुमच्या बॅटरीत थोडी धुगधुगी येते आणि सेल्फचा सगळा भार बारीक केबलवर आणि शेजाऱ्याच्या बॅटरीवर पडत नाही. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये सेल्फ मारताना देणाऱ्या गाडीचं इंजिन बंद ठेवायला सांगितलेलं असतं. तुमच्या किंवा त्यांच्या मॅन्युअलमध्ये असं असेल तर तेच ऐका.

हे सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये चाललं असेल तर एक लक्षात घ्या: बंद जागेत दहा मिनिटं इंजिन चालणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड साठणं. जमलं तर दोन-चार जणांनी मिळून गाडी ढकलत उघड्यावर आणा.

मग सेल्फ. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. डिझेल असेल तर आधी ग्लो प्लगचा (इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) डॅशबोर्डवरचा पिळदार दिवा विझू द्या. सुरू झाली नाही तर एक मिनिट थांबा, चिमटे थोडे हलवून पुन्हा घट्ट बसवा, पुन्हा प्रयत्न करा. चिमटा पकडतोय असं वाटतं, पण टर्मिनलवरच्या क्षारामुळे किंवा वंगणामुळे जोडणी कच्ची असते. माझ्या अनुभवात पहिल्यांदा न लागलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच नुसता चिमटा फिरवून लागल्या. केबल हाताला चटका देईल इतकी तापत असेल तर ती बारीक आहे, थांबा.

तीन-चार प्रयत्नांनंतरही नाही, तर नाही. दोष दुसरा आहे. सेल्फ रगडत राहिलात तर मोटरही जळेल आणि भल्या माणसाची बॅटरीही उतरेल. मग रस्त्याच्या कडेला दोन बंद गाड्या.

सुरू झाली: काढतानाही क्रम आहे

दोन्ही गाड्या दोन-तीन मिनिटं नुसत्या चालू ठेवा. केबल काढण्याआधी तुमच्या गाडीचा पंखा मध्यम वेगावर लावा, मागच्या काचेचा डिफॉगर असेल तर तोही. चिमटा सुटताना व्होल्टेजची जी उसळी येते ती हे भार गिळतात.

काढायचं बरोबर उलटं: तुमच्या इंजिनावरचा काळा, मग चांगल्या बॅटरीचा काळा, मग चांगल्या बॅटरीचा लाल, शेवटी तुमचा लाल. सुटलेला चिमटा दुसऱ्या चिमट्याला किंवा पत्र्याला टेकणार नाही असा धरा. दोघं जण असतील तर एकाने फक्त सुटी टोकं सांभाळावीत.

एक जुनी युक्ती अजूनही सांगितली जाते: दुसऱ्या गाडीची बॅटरी काढून आपल्या गाडीत लावायची, सुरू करायची, आणि इंजिन चालू असतानाच ती काढून आपली परत बसवायची. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या जमान्यात खपून जायचं, कारण बिघडायला इलेक्ट्रॉनिक्सच नव्हतं. आज चालत्या इंजिनाची बॅटरी सोडवली तर अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयूचा बळी घेतं. "चेक करून बघू, अल्टरनेटर चांगला असेल तर बॅटरी काढली तरी गाडी चालेल" असं म्हणणारा मेकॅनिक भेटला तर बॉनेट बंद करा आणि निघा.

पुढचा अर्धा-पाऊण तास

इंजिन बंद करू नका. चहाला थांबू नका, पेट्रोल आधीच आहे ना बघा. निदान पाऊण तास बऱ्यापैकी वेगाने चालवा, एसी आणि बाकीचे भार कमीत कमी. जागेवर उभं राहून इंजिन घुमवत ठेवल्याने फारसं चार्जिंग होत नाही, पेट्रोल मात्र जातं.

एवढ्याने बॅटरी भरते असं नाही. अल्टरनेटरचं काम भरलेल्या बॅटरीला टवटवीत ठेवायचं, मेलेलीला जिवंत करायचं नव्हे. पूर्ण उतरलेली बॅटरी चार्जरवर सावकाश भरावी लागते. करंट साधारण बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, आणि वेळ दहा-बारा तास. बॅटरीच्या दुकानात रात्रभर ठेवून भरून देतात. पुन्हा पुन्हा तळाला जाऊन आलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाचा क्षार घट्ट बसतो आणि तिची क्षमता कायमची कमी होते.

गाडी चालू असताना टर्मिनलवर मल्टिमीटर लावून बघा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असतील तर अल्टरनेटर काम करतोय. साडेबारा किंवा कमी असेल, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा पेटलेला असेल, किंवा केबल काढताक्षणी इंजिन बंद पडलं असेल, तर नवी बॅटरी घेऊन पैसे घालवू नका. ती पण दोन दिवसांत उतरेल. आधी अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा तपासून घ्या.

दुसरी गाडीच नसेल तर

धक्का. जुन्या मॅन्युअल गिअरच्या गाडीला तो चालतो: इग्निशन चालू, क्लच दाबून दुसरा गिअर, गाडीने धावत्या माणसाएवढा वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा आणि पुन्हा दाबायचा. बॅटरी इतकी मेलेली असेल की डॅशबोर्डही उजळत नाही, तर धक्क्याचाही उपयोग नाही, कारण इंधनाचा पंप आणि ईसीयू यांना वीज लागतेच. ऑटोमॅटिक गाड्यांना (सीव्हीटी आणि एएमटी हे त्यातलेच प्रकार) धक्का देऊन कंबर मोडून घेऊ नका. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड होतात, म्हणून उतारावर हा प्रयोग नको, घाटात तर मुळीच नको.

खिशाएवढे लिथियमचे जंप स्टार्टर मिळतात आणि ते खरोखर चालतात. उलटी जोडणी ओळखून अडवणारा घ्या. दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा, नाहीतर गरजेच्या दिवशी तोही उतरलेला सापडतो. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडच्या उन्हात तो गाडीत ठेवून जाऊ नका. बंद गाडीत आतलं तापमान सहज साठीपलीकडे जातं आणि लिथियमला ते सोसत नाही. त्याचे चिमटे लावतानाही क्रम तोच: आधी प्लस, मग इंजिनाचा धातू, आणि गाडी सुरू झाल्यावर तो लगेच काढायचा.

द्रुतगती मार्गावर किंवा हायवेच्या कडेला गाडी बंद पडली असेल तर बॉनेट उघडून प्रयोग करण्याची ती जागा नव्हे. बॅटरी उतरलेली असल्याने चारही इंडिकेटर लागतीलच याचा भरवसा नाही, म्हणून डिकीतला लाल त्रिकोण काढून गाडीच्या बराच मागे ठेवा आणि सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करा. तुमच्या विमा पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीची सोय आहे का, हेही बघा. पैसे भरलेले असतात, लक्षात नसतं.

मुळात बॅटरी बसलीच कशामुळे?

रात्रभर केबिनचा दिवा राहिला म्हणून बॅटरी बसली असं कुणी म्हणालं तर बॅटरीचं वय विचारा. ५ वॅटचा दिवा १२ तासांत ५ अँपिअर-तास खातो. ३५ अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी एवढ्याने बसत नाही. हेडलाइटची गोष्ट वेगळी: दोन हॅलोजन बल्ब आणि पार्किंगचे दिवे मिळून दहा-अकरा अँपिअर ओढतात. तीन तास पुरेत.

बंद गाडीही थोडी वीज खातच असते: घड्याळ, लॉकचा रिसीव्हर, अलार्म. ५० मिलिअँपिअरपर्यंत हे चालायचंच. पण तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे पंधरा दिवसांत ३५ ची बॅटरी निम्मी. परदेशी मुलांकडे सहा महिने जाणाऱ्या आई-वडिलांनी गाडीचं मायनस टर्मिनल सोडवून जावं. इलेक्ट्रॉनिक लॉकच्या गाडीत आधी मॅन्युअल बघावं, आणि किल्लीच्या पोटात लपलेली साधी किल्ली कशी काढायची ते शिकून घ्यावं, नाहीतर परत आल्यावर दारच उघडत नाही. त्यापेक्षा सोपं म्हणजे शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवायला सांगणं. नुसती दोन मिनिटं सुरू करून बंद केली तर सुरू करताना गेलेली वीजसुद्धा धड भरून येत नाही.

आणि वय. थंडीच्या सकाळी बॅटरी मान टाकते म्हणून लोक थंडीला दोष देतात. खरं तर ती आदल्या उन्हाळ्यातच खचलेली असते. उष्णतेने आतलं पाणी उडतं, पट्ट्या गंजतात, आणि डिसेंबरात नाशिक-पुण्याच्या गार सकाळी तेल घट्ट झालेलं इंजिन फिरवायची वेळ आली की ते उघडं पडतं. आपल्या हवेत तीन-चार वर्षं चालली तर बॅटरीने पैसे फेडले म्हणायचं. नवी बसवाल त्या दिवशी तिच्यावर मार्करने महिना-वर्ष लिहून ठेवा. तिसऱ्या वर्षानंतर दर ऑक्टोबरात दुकानात लोड टेस्ट (भार देऊन बॅटरीची तपासणी) करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आमच्या गाडीचा चोर डॅशकॅम निघाला. "पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग" या हौसेपायी मी त्याची वायर थेट बॅटरीवरून घेतली होती. मोजलं तर २५० मिलिअँपिअर: दिवसाला ६ अँपिअर-तास. तीन वर्षांची बॅटरी आठ दिवस टिकणार कशी? आणि आठही दिवस त्याने चित्रण केलं ते मांगराच्या भिंतीचं, आणि एकदा टपावरून उतरून बॉनेटवर बसलेल्या कोंबड्याचं. आता गावी पोचलो की बॅगा उतरवायच्या आधी ती वायर काढतो.